पेठेचे शेटे-महाजन

लंडनमध्ये जुन्या व्यापारी संघांचा प्रमुख निवडला जातो तो साधारण एका वर्षासाठी. झगा, साखळी, मेजवान्या, मिरवणुका सगळे त्या वर्षात. आपल्याकडे पूर्वी पेठेचा असा प्रमुख म्हणजे शेटे आणि त्याच्या जोडीला महाजन. फरक मोठा: हे पद वतनाचे, बापाकडून मुलाकडे जाणारे.

पेठ वसवायची, उदमी आणायचे, बाजारातले तंटे मिटवायचे, हे त्यांचे काम. त्याबद्दल दुकानादुकानांतून हक्काचा जिन्नस मिळे, शिवाय मानपान: शिरपाव, टिळा-विडा, सणासमारंभात ठरलेला क्रम. हा क्रम किरकोळ समजू नये. विडा आधी कोणाला, यावरून पिढ्यान् पिढ्या भांडणे चालत आणि निवाड्यासाठी गावच्या वतनदार-बलुतेदारांची गोतसभा बसे. तिच्या निवाड्याचा कागद म्हणजे महजर; त्यावर पाटलाची निशाणी नांगर, शेट्याची तराजू. मला ही तराजू फार बोलकी वाटते. शेट्याची पत मापाच्या खरेपणावरच उभी होती.

ठरलेल्या मानाची अशीच रीत यात्रांतही असते. तिसगावजवळच्या मढी गावी कानिफनाथांच्या यात्रेत मानाची होळी गोपाळ समाजाची, काठीचा मान कैकाडी समाजाचा. वतने कायद्याने गेली, शेटे-महाजन आडनावांत उरले. मानाची ही रीत मात्र मढीच्या गडावर दर फाल्गुनात दिसते.