पदराची गाठ आणि पर्समधला फोन

मराठीतला 'आठवण' हा शब्द दोन घरचा पाहुणा आहे. दूर गेलेल्या माणसाची आठवण येते, आणि गिरणीतून दळण आणायची आठवण करून द्यावी लागते. पहिली न बोलावता येते. दुसरी मात्र मोठी लहरी. हवी असेल तेव्हा दडून बसते आणि रात्री दीड वाजता, जेव्हा काहीच करता येण्याजोगे नसते, तेव्हा उशाशी येऊन उभी राहते. म्हणूनच जुन्या बायका पदराच्या टोकाला गाठ मारीत आणि पुरुष मंडळी उपरण्याला.

ती गाठ आता फोनमध्ये आली आहे. आयफोनमध्ये 'रिमाइंडर्स' नावाचे ॲप २०११ साली आले. अँड्रॉइडवाल्यांना 'गूगल टास्क्स' आहे, आणखीही बरीच आहेत. परंतु पुष्कळ लोक त्यांचा उपयोग केवळ गजराच्या घड्याळासारखा करतात. सकाळी नऊ वाजता 'वीजबिल' म्हणून फोन किणकिणतो. त्या वेळी घरातली बाई पोळ्या लाटीत असते आणि गृहस्थ लोकलच्या दारात लोंबकळत असतात. सूचना बोटाने बाजूला सारली जाते, बिल जागच्या जागी राहते, आणि वर ॲपच्या नावाने खडे फोडले जातात! वाचकहो, पदराची गाठ उपयोगी पडे याचे कारण एवढेच, की पदर वेळेवर हाताशी येई. फोनातल्या गाठीचेही इंगित तेच आहे. गाठ मारतानाच विचारावे, "हे काम करावयास माझे हात मोकळे कधी असतील, आणि मी कुठे असेन?"

वेळ नव्हे, ठिकाण

कितीतरी कामांना वेळ नसतेच, ठिकाण असते. ग्रंथालयाची पुस्तके परत करणे हे काम सायंकाळी पाचचे नाही, ते घरातून बाहेर पडतानाचे आहे. आयफोनच्या ॲपात सूचनेला जागा जोडता येते. अमुक ठिकाणी पोहोचल्यावर किंवा तेथून निघताना फोन आठवण देतो. त्यासाठी आपले ठिकाण पाहण्याची परवानगी मात्र ॲपला द्यावी लागते. शिवाय एखाद्या व्यक्तीला त्याच फोनच्या संदेशांतून आपण लिहावयास बसलो, की तिच्याशी बोलायचा राहिलेला विषय समोर यावा, अशीही सोय २०१९ पासून आहे. सर्वच ॲपांत हे मिळत नाही, तेव्हा आपल्या फोनात काय आहे ते एकदा निवांत बसून पाहून घ्यावे.

यामागे शास्त्रही आहे. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली एका लेखात या विषयावरचे प्रयोग एकत्र मांडले. 'मी हे करीन' एवढाच निश्चय करणाऱ्यापेक्षा 'अमुक झाले की मी तमुक करीन' असे ठरवणाऱ्याच्या हातून काम पार पडण्याची शक्यता अधिक, हे त्याचे सार. आपली आजी ते पदराला बांधून मोकळी होत असे!

क्रियापदावाचून वाक्य नाही

मी महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे दुसरा उपाय माझ्या धंद्यातला आहे. लोक यादीत नुसती नामे लिहितात : 'गॅस', 'विमा', 'पेपर'. नाम वाचून धास्ती वाटते, पण हात हलत नाही. 'विम्याचा हप्ता भरणे' म्हटले की कुठून सुरुवात करावी ते कळते. 'पेपर' या शब्दाखाली १२० उत्तरपत्रिकांचा डोंगर असतो. 'पहिल्या दहा उत्तरपत्रिका तपासणे' हे मात्र चहा गार होण्याआधी सुरू करता येते.

२०११ साली मॅसिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोन संशोधकांनी दाखवून दिले, की अपुरे राहिलेले काम दुसऱ्या कामात लुडबूड करते. पण ते कसे करायचे याचा नेमका बेत ठरला, की काम तसेच असूनही ही लुडबूड थांबते. रात्री दीडच्या पाहुणीवर हाच उतारा आहे.

आणि गाठी थोड्या माराव्यात. ज्या पदराला पन्नास गाठी, त्यातली एकही बोटाला जाणवत नाही. मी दर रविवारी यादी उपसते आणि जे होणार नाही ते सरळ पुसून टाकते.

एक गाठ, तीन माणसे

आमच्या सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत. रक्तदाबाची गोळी सकाळी एकच. घरात आम्ही दोघे, आणि आठवड्यातून तीन दिवस थोरल्या वन्सं येतात. गोळी राहून जाणे वाईट; पण प्रत्येकाने प्रेमाने एकेक दिली, तर ते त्याहून वाईट. म्हणून आम्ही तिघांनी एक सामायिक यादी केली आहे. एकाने खूण केली की इतर दोघांच्या फोनात ती दिसते, आणि रोजची सूचना म्हणून उद्याची तारीख आपोआप लागते. त्यासाठी तिन्ही फोनांना इंटरनेट हवे. आमचा नियम एकच : खूण करायची ती गोळी पोटात गेल्यावर, फोन वाजल्यावर नव्हे.

यंत्राला तिथी कळत नाही

एका गोष्टीपुढे मात्र ही युक्ती अडते. ॲपात 'दर वर्षी' म्हटले, की तीच इंग्रजी तारीख पुन्हा येते. आपले सण आणि घरातली श्राद्धे चालतात तिथीवर. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, म्हणजे सौर वर्षाहून जवळजवळ ११ दिवसांनी तोकडे. तो फरक अधिक मासाने भरून निघतो. म्हणून लक्ष्मीपूजन २०२३ साली १२ नोव्हेंबरला आले, तर २०२५ साली २१ ऑक्टोबरला. मामंजींची तिथीही अशीच मागेपुढे सरकते.

तेव्हा गुढीपाडव्याला नवे पंचांग आले, की सासूबाई ते मांडीवर घेऊन बसतात. त्या तिथी सांगतात, मी तारीख शोधून फोनात घालते. आठ दिवस आधीची एक सूचनाही जोडते, म्हणजे गुरुजींना वेळेवर निरोप जातो. हे काम वास्तविक अर्ध्या तासाचे, पण आम्हाला दुपार लागते. प्रत्येक नावापाशी त्या थांबतात. हे चुलते वैशाखात गेले, त्या वर्षी आंबा कसा भरभरून आला होता. त्या आत्याबाई कुणाकडे रिकाम्या हाताने कधी गेल्या नाहीत. यांतल्या निम्म्या माणसांना मी पाहिलेलेही नाही. मी बोट उचलून ऐकत बसते.

यंदा पाडव्याला आपणही घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ फोन घेऊन बसा. तारखा त्यांना विचारून घाला, आणि घाई करू नका.