पापुद्र्यांची चळत

विद्युत मोटारीतल्या चपट्या पाउच सेलमध्ये कित्येक पापुद्रे एकावर एक रचलेले असतात: ऋण इलेक्ट्रोड, सेपरेटर, धन इलेक्ट्रोड, पुन्हा सेपरेटर. ऋण बाजूची तांब्याची फॉइल ६ ते १० मायक्रॉन जाडीची, धन बाजूची ॲल्युमिनियमची थोडी अधिक जाड. दोन्हींवर रासायनिक लेप असतो. मधला, दोन इलेक्ट्रोड एकमेकांना टेकू न देणारा सच्छिद्र प्लास्टिकचा सेपरेटर १० ते २० मायक्रॉनचा. ही चळत रचणे हे सेल कारखान्यातले एक अत्यंत नाजूक काम आहे.

सोनीने १९९१ साली बाजारात आणलेल्या लिथियम-आयन सेलमध्ये हा प्रश्न नव्हता. तिथे अखंड पट्ट्या गुंडाळल्या जात. पट्टीला ताण देता येतो आणि ताणलेली पट्टी यंत्राचे ऐकते. अशा रचलेल्या पाउच सेलसाठी मात्र शीट सुट्या कापाव्या लागतात. त्यामुळे जागा चांगली वापरली जाते, पण प्रत्येक शीट उचलावी लागते.

जड इंजिन अचूक जागी ठेवणे रोबोला जमते, कारण इंजिन आपला आकार सोडत नाही. इलेक्ट्रोड शीट लवते, तिच्या कडा वळतात, स्थिर विद्युतभारामुळे दोन शीट चिकटून येतात. व्हॅक्यूमची ओढ जास्त झाली तर लेपावर वण उठतो, कमी पडली तर शीट सरकते. आणि सरकणे परवडत नाही. ऋण शीट धन शीटपेक्षा चहूकडून एखाद-दोन मिलिमीटर मोठी ठेवतात, नाहीतर चार्जिंगच्या वेळी कडेला लिथियम धातुरूपात साचू लागते. म्हणून कॅमेरा दर शीटच्या कडा पाहतो आणि रोबो तिची जागा व कोन सुधारतो. हे सारे उणे ४० अंश किंवा त्याहून कमी दवबिंदूच्या ड्राय रूममध्ये चालते, कारण ओलावा इलेक्ट्रोलाइटमधल्या क्षाराशी संयोग पावून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार करतो.

एका प्रचलित पद्धतीत सेपरेटरची पट्टी अखंड ठेवतात. निऱ्या घालाव्यात तशी ती इकडून तिकडे घडी होत जाते आणि प्रत्येक घडीत आळीपाळीने एकेक शीट बसते. रचना सुंदर आहे, पण दर घडीला पट्टी थांबते, पुन्हा वेग घेते, आणि त्या झटक्याने ताण बिघडतो. वेग वाढवायला गेले की अचूकता जाते. त्यामुळे जर्मनीत ब्राउनश्वाइग आणि कार्ल्सरुहे येथील विद्यापीठांत शीट न थांबवता सतत फिरत्या गतीने रचण्यावर संशोधन झाले आहे. दुसरा मार्ग म्हणजे सेपरेटर आधीच इलेक्ट्रोडला चिकटवून त्याचा लवचीकपणा कमी करणे.

लवचीक वस्तू रोबोच्या हाती देण्याची किंमत टेस्लाने २०१७-१८ मध्ये नेव्हाडात मोजली. बॅटरी पॅकवर काचतंतूंच्या चटया ठेवणाऱ्या रोबोला त्या नीट उचलताच येत नव्हत्या. शेवटी चाचणी घेतली, चटयांवाचून फरक पडत नाही हे कळले आणि त्या काढून टाकल्या. एप्रिल २०१८ मध्ये टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी अतिस्वयंचलन ही आपली चूक असल्याचे जाहीर केले.

सेपरेटर मात्र काढून टाकता येत नाही. २०२१ मध्ये जनरल मोटर्सने सुमारे १,४०,००० बोल्ट मोटारी परत बोलावल्या. एलजीने पुरवलेल्या काही सेलमध्ये ऋण इलेक्ट्रोडची फाटलेली टॅब (जोडणीची पट्टी) आणि दुमडलेला सेपरेटर असे दोन्ही दोष एकत्र आढळले होते, आणि काही मोटारींना आगी लागल्या होत्या. परतीचा बहुतेक खर्च एलजीवर पडला.

यातली खरी चिंता दोष सापडण्याच्या वेळेची आहे. कॅमेऱ्याला वरची शीट दिसते, खालची घडी झाकलेली असते. सेल बंद झाल्यावर इलेक्ट्रोलाइट भरणे, पहिले चार्जिंग आणि मुरवत ठेवणे यांत कित्येक दिवस जातात. एखादा दोष तेव्हाही विद्युत चाचणीत उमटत नाही. क्ष-किरण टोमोग्राफीने घडी दिसू शकते, पण बारकाईने स्कॅन करायला मिनिटे लागतात आणि उत्पादनाची गती सेकंदांत मोजली जाते. म्हणून असा सखोल तपास मुख्यतः नमुन्यादाखलच होतो. प्रत्येक शीटची कॅमेऱ्याने टिपलेली जागा आणि पट्टीचा ताण त्या-त्या सेलच्या क्रमांकाशी जोडून साठवणे, म्हणजे पुढे एखादा सेल बिघडला तर त्याच घडीपर्यंत मागे जाता येईल, यावर आता संशोधकांचा भर आहे.