रेशमाचे दोन वारस : लिंबू फुलपाखरू आणि कॅडिसमाशी

बेंगळुरूच्या परसबागांत सहज आढळणारे लिंबू फुलपाखरू, म्हणजे पॅपिलिओ डेमोलियस, आणि दक्षिण भारतातील डोंगरी ओढ्यांत वाढणारी कॅडिसमाशी स्टेनोसायकी कोडईकनालेन्सिस हे परस्परांच्या निकटच्या गणांतील कीटक होत. फुलपाखराच्या पंखांवर खवले असतात, तर कॅडिसमाशीच्या पंखांवर केस.

दोहोंच्या अळ्या रेशीम निर्माण करतात. फुलपाखराची अळी कोषावस्थेपूर्वी रेशमी धाग्याने स्वतःला फांदीस बांधून घेते. कॅडिसमाशीची अळी पाण्यातील दगडांमध्ये जाळे विणून प्रवाहातील अन्नकण अडविते. तिचे रेशीम ओल्या दगडासही चिकटते.

शेतीच्या दृष्टीने दोहोंचे स्थान भिन्न आहे. पहिली अळी लिंबाची कोवळी पाने फस्त करते. दुसरी माशांचे खाद्य व स्वच्छ पाण्याची खूण ठरते. लिंबावर फवारलेले रासायनिक कीटकनाशक पावसाबरोबर ओढ्यात उतरल्यास एका किडीच्या बंदोबस्तात तिचे निरुपद्रवी भाऊबंद नष्ट होतात.

म्हणून रोपवाटिकेत अंडी व अळ्या हाताने वेचाव्यात. प्रादुर्भाव वाढल्यास लहान अळ्यांवर सायंकाळी बॅसिलस थुरिंजिएन्सिस फवारावे. फवारणी पंप ओढ्यात कदापि धुऊ नये.