कूट आणि कादंबरी

लोकप्रिय कादंबरीचा विषय निघाला की आपली समीक्षा बहुधा दोहोंपैकी एक मार्ग पत्करते. एक तर ती अशा कादंबरीची दखलच घेत नाही. नाही तर तिच्या खपाकडे बोट दाखवून वाचकांच्या अभिरुचीविषयी खेद प्रकट करते. त्या पानांत वाचकाला नेमके काय मिळते, हा प्रश्न दोन्ही वेळी तसाच राहतो. या प्रश्नाच्या विचारासाठी ‘द महाभारत सीक्रेट’ ही क्रिस्टोफर सी. डॉयल यांची इंग्रजी कादंबरी सोयीची आहे. दिल्ली परिसरातील ओम बुक्स इंटरनॅशनल या संस्थेने ती २०१३ साली प्रसिद्ध केली.

महाभारतात दडलेले, जगाचा संहार करू शकेल असे एक रहस्य सम्राट अशोकाच्या हाती लागते आणि ते गुप्त ठेवले जाते, अशी तिची कल्पना आहे. आजच्या काळात एका निवृत्त अणुशास्त्रज्ञाचा खून होतो. तो आपल्या पुतण्यासाठी काही सांकेतिक खुणा मागे ठेवतो आणि त्या खुणांच्या आधारे प्राचीन अवशेषांतून शोध सुरू होतो. डॅन ब्राउन यांच्या ‘द दा विंची कोड’ने २००३ साली जगभर रूढ केलेली ही घडण होय. बाबूराव अर्नाळकरांचा मराठी वाचक झुंजार आणि काळा पहाड यांच्या साहसावर लुब्ध होता. येथे आकर्षण आहे ते नायकाच्या पराक्रमापेक्षा कोड्याचे. नायकाला दिसलेली खूण त्याच क्षणी वाचकालाही दिसते आणि दोघे बरोबरीने विचार करू लागतात. शिवाय प्रत्येक कोड्याला उत्तर आहे आणि ते शेवटच्या पानापूर्वी मिळणार आहे, याची वाचकाला खात्री असते. व्यवहारात असे आश्वासन आपणांस कोणीही देत नाही. या सुखाला क्षुद्र म्हणण्याचे कारण नाही.

आपल्या साहित्यशास्त्राने या सुखाचा विचार पूर्वीच केलेला आहे. दंडीने ‘काव्यादर्शा’त प्रहेलिकेचे भेद सांगितले आणि क्रीडागोष्टींतील विनोद, जनसमुदायात जाणकारांनी केलेली गुप्त मसलत व दुसऱ्याला चकविणे हे तिचे उपयोग नोंदविले. विश्वनाथाने मात्र रसाच्या आड येते म्हणून तिला अलंकार मानण्याचे नाकारले. हा आक्षेप आजही विचारार्ह आहे. उत्तर शोधण्यात गुंतलेले मन मेलेल्या माणसासाठी थांबत नाही. या प्रकारच्या कादंबरीत खून हा बहुधा पहिल्या कोड्याचा केवळ निमित्तमात्र प्रसंग होऊन राहतो.

परंतु कूट रसाला नेहमीच मारक असते काय? याचे उत्तर खुद्द महाभारतात आहे. पांडव वारणावताला निघाले असता विदुर युधिष्ठिराला इतरांना न कळणाऱ्या भाषेत सावध करतो. तो संकेत उलगडला नसता तर पांडव लाक्षागृहात जळून गेले असते. यक्षप्रश्नांचा प्रसंग त्याहूनही गहन आहे. सर्व उत्तरे दिल्यावर एका भावाला जिवंत करण्याची निवड करावयाची असते. आपण कुंतीचा पुत्र जिवंत आहोत, तर माद्रीचाही एक पुत्र जगावा, म्हणून युधिष्ठिर नकुलाला निवडतो. तेथे बुद्धीची परीक्षा संपते आणि माणसाची सुरू होते. डॉयल यांची कादंबरी ज्या ग्रंथाचे नाव घेते, त्याचे हे सामर्थ्य तिला वापरता आलेले नाही. तिच्यातील उत्तरे पुढचे दार उघडतात. उत्तर देणाऱ्याला ती बदलीत नाहीत.

अशोकाविषयीही असेच म्हणता येईल. त्याच्या नऊ अज्ञात पुरुषांची कथा प्राचीन भासते; पण तिचा प्रसार झाला तो टॅल्बट मंडी यांच्या १९२३ मधील कादंबरीमुळे. खरे कूट दिल्लीतच उभे आहे. फिरोजशहा तुघलकाने चौदाव्या शतकात टोपऱ्याहून आणविलेला अशोकस्तंभ आज फिरोजशहा कोटल्यावर आहे. त्या काळी त्यावरील लिपी कोणालाही वाचता आली नाही. पुढे जेम्स प्रिन्सेपला सांची येथील लहान लहान लेखांच्या शेवटी तीच अक्षरे पुनःपुन्हा आढळली. तो शब्द ‘दानं’ असावा, असा तर्क त्याने केला आणि १८३७ मध्ये ब्राह्मीचे कुलूप उघडले. स्तंभावर कोणत्याही अस्त्राचे रहस्य निघाले नाही. वाटसरूंना सावली मिळावी म्हणून लावलेल्या वडांची आणि खोदविलेल्या विहिरींची माहिती एका राजाने तेथे लिहून ठेवली होती.

रहस्यकादंबरी लिहिणाऱ्याने हेच लिहावे, असा आग्रह कोणी धरणार नाही. मात्र प्राचीन वारशाचे मोल त्यात लपलेल्या शक्तीवर ठरते, अशी समजूत जर तिच्यामुळे दृढ होत असेल, तर वाचकाच्या जिज्ञासेचा तो अपव्यय होय. ती जिज्ञासा अस्सल असते. कादंबरी मिटल्यावर तिच्यापैकी एखादा वाचक जरी कोटल्याच्या त्या स्तंभापाशी जाऊन उभा राहिला, तरी या पुस्तकाच्या बाजूने समीक्षकाला काही बोलता येईल.