तीन अंतिम सामने, तीन गोल

वेरूळच्या डोंगरावर चढून कैलास लेण्याकडे वरून पाहिलं की कातळात उतरलेला एक प्रचंड चौक दिसतो. लांबी सुमारे २७६ फूट, रुंदी सुमारे १५४ फूट. आठव्या शतकात, राष्ट्रकूटांच्या काळात, कारागिरांनी छिन्नी-हातोड्यानं वरून खाली उतरत हा डोंगर फोडला. काढून टाकलेल्या दगडाचा अंदाज दीड ते दोन लाख टनांच्या घरात जातो. मंदिराच्या मागची भिंत शंभर फुटांहून उंच आहे आणि तिच्या पायथ्याशी उभा राहिलेला माणूस अगदी ठेंगणा दिसतो.

हॉकीचं मैदान याहून मोठं असतं. त्याची लांबी ३०० फूट आणि रुंदी १८० फूट. कैलासाचा अख्खा चौक उचलून मैदानाच्या मधोमध ठेवला, तर चारी बाजूंना बारा-तेरा फुटांची मोकळी पट्टी उरेल. एवढ्या जागेत बावीस माणसं धावतात, तीही साधारण १६० ग्रॅम वजनाच्या एका चेंडूमागे. मैदानाचं क्षेत्रफळ ५४,००० चौरस फूट. गोलचौकट बारा फूट रुंद आणि सात फूट उंच, म्हणजे अवघी ८४ चौरस फूट. मैदानाच्या तुलनेत साडेसहाशेवा हिस्सासुद्धा जेमतेम भरतो.

भारत आणि पाकिस्तान ऑलिंपिक हॉकीच्या अंतिम सामन्यात तीन वेळा समोरासमोर आले. १९५६ मध्ये मेलबर्नला, १९६० मध्ये रोमला आणि १९६४ मध्ये टोकियोला. तीन सामन्यांची मिळून २१० मिनिटं झाली आणि त्यांत गोल झाले तीन. तिन्ही निकाल एकच होता: १-०. हॉकीतले मोठमोठे आकडे मला पाठ आहेत, पण या तीनइतका मोठा आकडा मला दुसरा कुठला वाटत नाही. का, ते समजण्यासाठी आधी मोठे आकडे पाहावे लागतील.

१७८ विरुद्ध ७

१९२८ ते १९५६ या काळात भारतानं सलग सहा ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकली. ॲमस्टरडॅमला पाच सामन्यांत २९ गोल केले आणि एकही घेतला नाही. लॉस एंजेलिसला दोनच सामने झाले, त्यांत ३५ गोल. अमेरिकेविरुद्धचा निकाल होता २४-१. त्या एका सामन्यात रूपसिंगनं १० आणि त्याचे थोरले बंधू ध्यानचंद यांनी ८ गोल केले. बर्लिनला ३८ गोल, लंडनला २५, हेलसिंकीला १३ आणि मेलबर्नला पुन्हा ३८.

बेरीज करा. २५ सामने, २५ विजय, १७८ गोल केले आणि ७ खाल्ले. सामना ७० मिनिटांचा धरला, तर भारतानं २८ वर्षं दर दहा मिनिटांना एक गोल केला आणि आपल्या गोलात चेंडू जायला सरासरी २५० मिनिटं लागू दिली. असा वरचष्मा दुसऱ्या कुठल्या सांघिक खेळात कुणी राखला असेल, तर तो मला ठाऊक नाही.

मेलबर्नला या संघानं पहिल्या तीन सामन्यांत अफगाणिस्तानला १४, अमेरिकेला १६ आणि सिंगापूरला ६ गोल घातले. तीन सामन्यांत ३६. उपांत्य सामन्यात जर्मनीविरुद्ध एक गोल झाला. मग अंतिम सामन्यात समोर आला पाकिस्तान. कर्णधार बलबीरसिंग यांच्या उजव्या हाताचं बोट मोडलेलं होतं, तरी ते मैदानात उतरले. पेनल्टी कॉर्नरवर रणधीरसिंग जंटल यांनी एक गोल केला आणि त्या एकावर सुवर्णपदक आलं. अवघ्या जगाला दहा मिनिटांत एक गोल घालणाऱ्या संघाला शेजाऱ्यानं ७० मिनिटांत एकच दिला.

एकाच घरातले दोघे

वेरूळच्या १४, २१ आणि २९ क्रमांकांच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत. डाव रंगात आलेला आहे आणि भोवती गण जमले आहेत. समोरासमोर बसलेले दोघे एकाच घरातले आहेत, म्हणून एकाची चाल दुसऱ्याला आधीच ठाऊक आहे. भारत-पाकिस्तान हॉकीचं मर्म मला या शिल्पांत दिसतं.

१९३६ साली बर्लिनला सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघात अली इक्तिदार शाह दारा होते. बारा वर्षांनी लंडनला तेच दारा पाकिस्तानचे कर्णधार म्हणून उतरले. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन हे दोघे १९४८ मध्ये भारतासाठी सुवर्ण जिंकले आणि १९५६ च्या मेलबर्नमध्ये पाकिस्तानकडून खेळून रौप्य घेऊन गेले. स्टिक धरण्याची पद्धत, छोटे पास, चेंडू डावी-उजवीकडे खेळवत काढणं, हे सगळं दोन्हीकडे एकाच शाळेतून आलेलं होतं. अमेरिकेला चकवणारी युक्ती लाहोरच्या बचावपटूला चकवत नव्हती, कारण ती तोही वापरत होता. गोलांचा पाऊस एका गोलावर का आला, याचं उत्तर इथे आहे.

या दोघांनी मिळून जगाला किती काळ बाहेर ठेवलं, तेही पाहा. १९२८ ते १९६८ या काळात झालेल्या नऊच्या नऊ ऑलिंपिकमधलं हॉकीचं सुवर्ण भारत किंवा पाकिस्तानकडे गेलं. आशियाई खेळांत १९५८ पासून १९८२ पर्यंत सलग सात वेळा सुवर्ण आणि रौप्य या दोघांतच वाटलं गेलं. चोवीस वर्षं तिसऱ्या देशाला पहिल्या दोन पायऱ्यांवर पाऊल ठेवता आलं नाही.

मराठा पलटणीचा गोलरक्षक

त्या तिन्ही ऑलिंपिक अंतिम सामन्यांत भारताच्या गोलात एकच माणूस उभा होता: शंकर लक्ष्मण. जन्म महूचा. १९४७ साली ते लष्करी बँडमध्ये भरती झाले आणि पुढे मराठा लाइट इन्फंट्रीकडून खेळले. बेळगावात केंद्र असलेल्या या पलटणीच्या पराक्रमांच्या यादीत रणांगणाशेजारी या गोलचौकटीचंही नाव लिहायला हवं.

गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या, म्हणजे ‘डी’च्या, टोकापासून गोलपर्यंतचं अंतर १४.६३ मीटर. ताशी १०० किलोमीटर वेगानं आलेला चेंडू ते अर्ध्या सेकंदात कापतो. चेंडूचा व्यास सात सेंटिमीटरच्या थोडा वर. गोलचौकटीच्या क्षेत्रफळात अशा चेंडूंच्या आकाराच्या सुमारे १,८७० जागा भरतात, आणि त्यांतली नेमकी कोणती, ते गोलरक्षकाला त्या अर्ध्या सेकंदात ओळखायचं असतं. आजच्या गोलरक्षकाकडे हेल्मेट, छातीवर कवच, जाड फोमचे पॅड आणि हातमोजे असतात. शंकर लक्ष्मण यांच्या काळात यातलं फारसं काही नव्हतं.

पाकिस्तानच्या आघाडीच्या फळीला २१० मिनिटांत त्यांनी एकच गोल करू दिला. तो रोममध्ये, ९ सप्टेंबर १९६० रोजी, नसीर अहमद यांनी केला. त्या गोलाची किंमत मोजायची, तर भारताची ऑलिंपिकमधली सलग विजयांची साखळी तोपर्यंत ३० सामन्यांची झाली होती. बत्तीस वर्षं वाढत गेलेली ती साखळी त्या एका चेंडूनं तुटली.

चार वर्षांनी टोकियोत पुन्हा तेच दोन संघ आले. पाकिस्तानी बचावपटूनं गोलरेषेवर पायानं चेंडू अडवला, पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदरलाल यांनी तो गोलात घातला. उरलेला वेळ शंकर लक्ष्मण यांनी गोल राखला. सुवर्ण परत आलं, पुन्हा एका गोलावर. १९६६ साली बँकॉकच्या आशियाई खेळांत शंकर लक्ष्मण स्वतः कर्णधार होते. अंतिम सामना पाकिस्तानशीच होता, निकाल जादा वेळेत लागला आणि तोही १-० असाच.

१२,६१८ दिवस

१९७५ च्या क्वालालंपूर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्ताननं पहिला गोल केला. सुरजितसिंगनं बरोबरी साधली आणि ध्यानचंद यांचे चिरंजीव अशोककुमार यांनी विजयी गोल केला. २-१. भारतानं जिंकलेला हा एकमेव विश्वचषक. पाकिस्ताननं चार जिंकले आहेत.

मग आला १ डिसेंबर १९८२. दिल्लीत आशियाई खेळांचा अंतिम सामना, स्टेडियम खचाखच भरलेलं आणि पंतप्रधान इंदिरा गांधी प्रेक्षकांत बसलेल्या. पाकिस्ताननं ७-१ असं हरवलं. तिन्ही ऑलिंपिक अंतिम सामन्यांत मिळून जेवढे गोल झाले, त्याच्या दुपटीहून जास्त गोल पाकिस्ताननं त्या एका संध्याकाळी केले. गोलरक्षक मीर रंजन नेगी यांनी त्याचा डाग वर्षानुवर्षं सोसला.

तो आकडा पुसला गेला १८ जून २०१७ रोजी, लंडनमध्ये. भारत ७, पाकिस्तान १. नेमका तोच निकाल, फक्त बाजू उलटलेली. मधे गेले होते १२,६१८ दिवस. त्याच दिवशी, त्याच शहरात भारत-पाकिस्तान क्रिकेटचा चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना होता आणि देशाचे डोळे तिकडे लागलेले होते. हॉकीवेड्यांनी मात्र तो दिवस जपून ठेवला आहे.

या मधल्या काळातला आपला माणूस म्हणजे खडकीचा धनराज पिल्ले. दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, मोडक्या स्टिकांनी खेळत तो वाढला. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, चार आशियाई खेळ आणि चार चॅम्पियन्स ट्रॉफी खेळून त्यानं चार चोक सोळा पूर्ण केले. ३३९ आंतरराष्ट्रीय सामने. १९९८ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली भारतानं आशियाई सुवर्ण ३२ वर्षांनी जिंकलं. २००३ मध्ये आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला ४-२ नं हरवलं, तेव्हाही कर्णधार तोच होता. त्याच वर्षी हॉकीच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत भारत पाकिस्तानविरुद्ध २-४ असा मागे पडूनही ७-४ असा जिंकला. तो सामना पाहिलेल्या माणसाजवळ नुसतं ‘सात-चार’ म्हणा, तो पुढचं सगळं सांगायला लागतो.

आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानला पुन्हा हरवायला १९६६ नंतर ४८ वर्षं लागली. २ ऑक्टोबर २०१४, इंचॉन. निर्धारित वेळेत १-१, शूटआउटमध्ये ४-२, आणि गोलात श्रीजेश.

पाच मिनिटांना एक

३० सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई खेळांत भारतानं पाकिस्तानला १०-२ नं हरवलं. कर्णधार हरमनप्रीतसिंगचे चार गोल. या दोन देशांतल्या लढतींतला हा सर्वांत मोठा विजय. ६० मिनिटांत १२ गोल झाले, म्हणजे दर पाच मिनिटांना एक. मेलबर्न, रोम आणि टोकियोत एका गोलासाठी सरासरी ७० मिनिटं लागत होती.

खेळ बदलला, हे खरंच आहे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये कृत्रिम टर्फ आलं, चेंडूचा वेग वाढला, दमसासाला महत्त्व आलं. कोट्यवधी रुपयांचं टर्फ गावोगाव अंथरणं दोन्ही देशांना जमलं नाही. मॉन्ट्रियलला भारत सातवा आला आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला तर पात्रही ठरला नाही. भारत नंतर सावरला आणि टोकियो व पॅरिसमध्ये सलग दोन कांस्यपदकं घेऊन आला. पाकिस्तान २०१६, २०२० आणि २०२४ अशा सलग तीन ऑलिंपिकना पोहोचलाच नाही. १०-२ हा आकडा भारताच्या ताकदीइतकाच पाकिस्तानच्या पडझडीचाही आहे.

हांगझोच्या विजयाचा आनंद मलाही झाला. पण खरं सांगायचं, तर त्या सामन्यात तिसऱ्या गोलानंतर श्वास रोखावा लागला नाही. १-० मध्ये शेवटच्या सेकंदापर्यंत सगळं पणाला लागलेलं असतं. दोन्हीकडचे बावीस खेळाडू आपली सगळी कला ओततात आणि तरी फरक एकाचाच उरतो, तेव्हाच ती लढत तोलामोलाची म्हणायची. सारीपाटावर समोर बसणारा तुल्यबळ नसेल, तर डावाला रंग चढत नाही.

आजवर या दोन देशांत सुमारे १८० सामने झाले आहेत. त्यांतले ऐंशीहून अधिक पाकिस्ताननं जिंकले आणि साठहून अधिक भारतानं. एकूण हिशोबात आपण अजून मागे आहोत, हे अनेकांना ठाऊक नसतं. २००६ नंतर दोघांत द्विपक्षीय मालिका झालेली नाही, त्यामुळे ही दरी आता एखाद-दुसऱ्या स्पर्धेतल्या सामन्यानंच थोडी-थोडी भरायची आहे. म्हणूनच आशियाई खेळ, आशिया चषक किंवा विश्वचषक यांचं वेळापत्रक हाती आलं की हॉकीवेडा माणूस सगळ्यांत आधी एकच ओळ शोधतो. आणि ती सापडली की त्याच्या तोंडी १९७५, ‘सात-एक’ आणि ‘सात-चार’ यांची उजळणी सुरू होते.

पुढचा भारत-पाकिस्तान सामना कधीही असो, तो पाहा आणि घरातल्या मुलांना सोबत बसवा. सामना सुरू होण्याआधी त्यांना शंकर लक्ष्मण कोण होते, ते सांगा. भारत जिंकावा अशी इच्छा जरूर धरा, पण समोरचा संघ पुन्हा ताकदवान होवो, अशीही धरा. आपल्या हॉकीनं जगाला १७८ गोल घातले, पण तिची खरी परीक्षा त्या तीन गोलांनीच घेतली.