कॉलेज की काम? आधी पदवीचा पाया तपासा

बारावीचा निकाल लागला की घरात एकच विषय उरतो : आता पुढे काय? रायपूरच्या तात्यापाऱ्यातील किंवा चौबे कॉलनीतील मराठी कुटुंबांतही याहून वेगळे घडत नाही. आईला वाटते, मुलाने निदान पदवीधर तरी व्हावे. वडिलांना फीची चिंता. मुलगा म्हणतो, ''तीन वर्षांनी नोकरीच शोधायची, तर आताच का नको?'' काका-मामाही आपापले मत देऊन मोकळे होतात. या गडबडीत मुख्य प्रश्न मात्र विचारायचा राहून जातो. ज्या कॉलेजात नाव घालायचे, तिथली पदवी उद्या चालणार आहे का?

हा प्रश्न न विचारण्याची किंमत काय असते, ते छत्तीसगडने पाहिले आहे.

एका खोलीतली विद्यापीठे

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि रायपूर राजधानी बनले. २००२ मध्ये राज्याने खासगी विद्यापीठांसाठी कायदा केला. प्रकल्पाचा आराखडा सादर करायचा, राजपत्रात अधिसूचना निघाली की विद्यापीठ तयार! सुमारे वर्षभरात अशी ११२ विद्यापीठे स्थापन झाली. त्यांतल्या अनेकांना ना इमारत होती, ना आवार. काहींचा कारभार तर एका खोलीतून चाले. पदवी देण्याचा अधिकार मात्र त्यांनाही होता.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष, शास्त्रज्ञ प्रा. यशपाल यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ११ फेब्रुवारी २००५ रोजी न्यायालयाने ज्या तरतुदींखाली ही विद्यापीठे निघाली होती, त्या घटनाबाह्य ठरवल्या. त्याबरोबर विद्यापीठेही संपली. तिथे शिकणाऱ्या मुलांचे नुकसान होऊ नये म्हणून त्यांच्या संस्था राज्यातील आधीच्या विद्यापीठांना जोडण्याची व्यवस्था करावी, असेही न्यायालयाने सरकारला सांगितले. पण फी भरून बसलेल्या आईवडिलांच्या जिवाला जो घोर लागला असेल, त्याची भरपाई कोण करणार?

पुढे २००५ मध्येच राज्यात खासगी विद्यापीठांसाठी नवा कायदा आला. तेव्हा खासगी म्हणजे वाईटच, असे मुळीच नाही. मात्र चकचकीत माहितीपत्रक म्हणजे मान्यता नव्हे, एवढे पक्के लक्षात ठेवावे.

फॉर्म भरण्याआधी

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त विद्यापीठांची यादी असते आणि बोगस विद्यापीठांचीही. दोन्ही पाहाव्यात. विद्यापीठाला मान्यता असली तरी आपल्या अभ्यासक्रमाला आहे का, हे वेगळे तपासावे. वकिलीसाठी बार कौन्सिल, औषधनिर्माणासाठी फार्मसी कौन्सिल, बी.एड.साठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद, अशा संस्थांची मंजुरी लागते. पत्राद्वारे किंवा ऑनलाइन शिक्षण असेल, तर त्यासाठी आयोगाची स्वतंत्र परवानगी आहे का ते बघावे. आणि पैसे भरण्यापूर्वी एकदा तरी कॉलेज प्रत्यक्ष पाहून यावे. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि शिकवणारी माणसे, ही दिसायलाच हवीत.

गावात की दूर?

''इथे काय ठेवले आहे? नागपूरला नाही तर पुण्याला पाठवू,'' असे अनेक मराठी घरांत म्हटले जाते. पण रायपुरात काय कमी आहे? पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ १९६४ पासून आहे. १९५६ साली सुरू झालेले इथले सरकारी अभियांत्रिकी कॉलेज २००५ मध्ये राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था, म्हणजे एनआयटी, झाले. एनआयटीतील निम्म्या जागा त्या त्या राज्यातील मुलांसाठी असतात आणि हे राज्य ठरते ते बारावी कुठून केली त्यावरून. आडनाव जोशी असो वा देशमुख, रायपुरात बारावी झालेला मुलगा रायपूरच्या एनआयटीत घरचा आणि नागपूरच्या एनआयटीत परराज्यातला! हे ठाऊक नसल्याने घरची संधी सोडून बाहेर धावणे शहाणपणाचे नाही.

त्याचबरोबर, केवळ मुलगी आहे म्हणून तिला जवळच्या, पण नको त्या अभ्यासक्रमात अडकवणेही बरोबर नाही. मुलासाठी जो विचार, तोच मुलीसाठी हवा.

कॉलेज नकोच असेल तर

डॉक्टर किंवा वकील होण्यासाठी पदवीवाचून गत्यंतर नाही. पण प्रत्येक वाट कॉलेजच्या फाटकातूनच जाते, असेही नाही. आयटीआय करून कारखान्यात शिकाऊ उमेदवार होता येते. १९६१ च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यानुसार अशा उमेदवाराला दरमहा विद्यावेतन मिळते. भिलाईचा पोलाद कारखाना तर रायपूरच्या शेजारीच आहे. सी.ए.ची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते, त्यासाठी आधी बी.कॉम. व्हावे लागत नाही. कौशल्य प्रशिक्षण हा तरुणांचा हक्क मानणारा कायदाही छत्तीसगडने २०१३ मध्ये केला.

शिवाय काम धरले म्हणजे शिक्षण संपले, असे थोडेच आहे? १९८५ मध्ये स्थापन झालेले इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ कमावत्या माणसांना शिकवत आले आहे. घरच्या दुकानात बसणारा मुलगाही तिथून पदवीधर होऊ शकतो.

म्हणून आईवडिलांनी मुलाला जवळ बसवून तीन गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात : त्याला काय व्हायचे आहे, त्यासाठी पदवी लागते का आणि घराला खर्च किती झेपेल. ''शेजारच्यांचा मुलगा जातो म्हणून'' हे कारण त्या कागदावर येता कामा नये. विचारपूर्वक निवडलेल्या कामात कमीपणा नाही. कमीपणा असलाच, तर तो चौकशी न करता पैसे मोजून आणलेल्या, कुठेच न चालणाऱ्या पदवीत आहे.