बँड फुटला, मग गाणे गाजले

मार्च १९६९ मध्ये 'टाइम ऑफ द सीझन' हे गाणे अमेरिकेतील 'बिलबोर्ड'च्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर जाऊन पोहोचले. रेडिओ केंद्रांवर ते सतत वाजत होते, कार्यक्रमांच्या आयोजकांकडून विचारणा होत होती. अडचण एकच होती. ज्यांचे हे गाणे, तो 'द झॉम्बीज' हा ब्रिटिश बँड डिसेंबर १९६७ मध्येच विसर्जित झाला होता. गायक कॉलिन ब्लनस्टोन याने मधल्या काळात एका विमा कंपनीच्या कचेरीत नोकरीही करून पाहिली होती. आणि खुद्द ब्रिटनमध्ये, जिथे हे गाणे लिहिले आणि गायले गेले, तिथे ते लोकप्रियतेच्या यादीत कधी दिसलेच नाही.

इंग्रजी गाण्यांची आवड असलेल्या आपल्याकडील श्रोत्याचा प्रवास साधारण ठरलेला असतो. घरातील वडीलधाऱ्यांकडून क्लिफ रिचर्ड येतो, महाविद्यालयात बीटल्स भेटतात, पुढे रोलिंग स्टोन्स, पिंक फ्लॉइड, क्वीन. मग नोकरी, संसार आणि तीच ती जुनी गाणी. साठच्या दशकातील ब्रिटिश पॉपमध्ये आता आपल्याला नवे काही सापडायचे उरले नाही, अशी समजूत करून घेऊन माणूस चाळिशीत शिरतो. नेमक्या याच वयात 'झॉम्बीज'चा 'ओडेसी अँड ओरॅकल' हा अल्बम हाती लागलेले रसिक जगभर आढळतात. त्यांचा पहिला प्रश्न बहुधा सारखाच असतो : हे इतकी वर्षे कुठे होते? प्रस्तुत लेखकालाही तिशी उलटल्यावर हाच प्रश्न पडला. या प्रश्नाला नशिबापलीकडची, अगदी व्यवहारी उत्तरे आहेत.

लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर परगण्यात सेंट ऑल्बन्स हे कॅथेड्रलचे जुने गाव आहे. तेथील शाळकरी मुलांनी साठच्या दशकाच्या आरंभी हा बँड उभा केला. की-बोर्ड वाजवणारा रॉड आर्जंट लहानपणी त्याच कॅथेड्रलच्या गायकवृंदात गात असे. एकीकडे चर्चमधील समूहगायन, दुसरीकडे माइल्स डेव्हिसचे जाझ, असे दुहेरी संस्कार त्याच्यावर होते. ब्लनस्टोनचा आवाज हलका, किंचित श्वासमिश्रित. बास गिटारवर ख्रिस व्हाइट, गिटारवर पॉल अॅटकिन्सन आणि ड्रमवर ह्यू ग्रंडी. इतक्या सौम्य प्रकृतीच्या मुलांनी आपल्या बँडला 'चालती प्रेते' अशा अर्थाचे नाव का द्यावे, हे एक कोडेच आहे. भावगीते गाणाऱ्या मंडळींनी 'वेताळ' नाव घेऊन मैफली कराव्यात, तसा हा प्रकार.

१९६४ मध्ये एका वृत्तपत्राने भरवलेली स्थानिक स्पर्धा जिंकून त्यांनी डेक्का कंपनीशी करार केला. त्याच वर्षी आलेले 'शीज नॉट देअर' ब्रिटनमध्ये १२ व्या, तर अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. दूरचित्रवाणीवर नव्या गाण्यांचा निवाडा करणाऱ्या कार्यक्रमात जॉर्ज हॅरिसनने त्याची तारीफ केली. पुढच्या वर्षी 'टेल हर नो' अमेरिकेत सहाव्या क्रमांकावर पोहोचले. मायदेशी मात्र त्याची जेमतेम दखल घेतली गेली. त्यानंतर एकामागून एक गाणी पडत गेली.

पहिले व्यवहारी उत्तर येथे मिळते. त्या काळच्या ब्रिटनमध्ये बँडचे बरेवाईट 'सिंगल'वर, म्हणजे एका बाजूला एक गाणे असलेल्या छोट्या तबकडीवर ठरत असे. गाणे यादीत आले, तर दूरचित्रवाणीचे बोलावणे येई, त्यातून कार्यक्रम मिळत आणि कार्यक्रमांतून रोजचा खर्च चाले. यादीतून नाव गेले की ही साखळी तुटे. 'झॉम्बीज'च्या बाबतीत तर देशोदेशींच्या लोकप्रियतेचा मेळच बसत नव्हता. १९६७ च्या आरंभी ते फिलिपिन्सला गेले, तेव्हा मनिलाच्या अरानेटा कोलिझियममध्ये हजारोंचा समुदाय त्यांची वाट पाहत होता. तिथे आपली गाणी एवढी गाजत आहेत, याची त्यांना तोवर कल्पनाच नव्हती. मानधन मात्र तुटपुंजे होते.

दुसरे उत्तर बँडच्या आतच होते. गाण्याच्या कवी-संगीतकाराला तबकडीच्या विक्रीवर आणि रेडिओवरील प्रक्षेपणावर स्वामित्वधन मिळते; वाजवणाऱ्याला आणि गाणाऱ्याला प्रामुख्याने कार्यक्रमांच्या मिळकतीवर विसंबावे लागते. 'झॉम्बीज'ची बहुतेक गाणी आर्जंट आणि व्हाइट लिहीत. त्यामुळे कार्यक्रम आटल्यावरही त्या दोघांना थोडेफार पैसे मिळत राहिले. ब्लनस्टोन, अॅटकिन्सन आणि ग्रंडी यांच्या खिशात मात्र काही उरले नाही. पॉप बँडच्या फाटाफुटीच्या कहाण्यांत अहंकार आणि व्यसने यांचेच रसभरित वर्णन असते. येथे भांडण जवळपास नव्हतेच. महिनाअखेरीचा हिशेब जमत नव्हता.

थांबण्यापूर्वी निदान एक अल्बम आपल्या मनासारखा करावा, असे आर्जंट आणि व्हाइट यांनी ठरवले. सीबीएस कंपनीने सुमारे १,००० पौंड दिले. जून १९६७ मध्ये काम सुरू झाले, ते मुख्यतः लंडनच्या अॅबे रोडवरील ईएमआयच्या स्टुडिओत. बीटल्सनी 'सार्जंट पेपर'चे काम तिथेच काही आठवड्यांपूर्वी संपवले होते. जॉन लेननचे मेलोट्रॉन तिथेच राहिले होते. पट्टी दाबताच फितीवर मुद्रित केलेले व्हायोलिन वा बासरीचे सूर उमटवणारे हे वाद्य. वाद्यवृंद परवडणे शक्य नसलेल्या या मुलांनी ते निःसंकोच वापरले. अल्बममधील तंतुवाद्यांचा तो काहीसा थरथरता, स्वप्नातल्यासारखा भास बव्हंशी त्याच वाद्याचा आहे. पैसे कमी असल्याने गाणी आधी तालमीत घोटून घ्यायची आणि मगच स्टुडिओत पाऊल टाकायचे, अशी शिस्त त्यांनी पाळली. अल्बममध्ये कुठेही पाल्हाळ नाही, याचे श्रेय कदाचित या काटकसरीलाच द्यावे लागेल.

अपवाद फक्त 'टाइम ऑफ द सीझन'चा. ते अगदी शेवटी लिहिले गेले, तालीम पुरेशी झाली नव्हती. अमुक ओळ अशीच म्हण, असे आर्जंट पुन्हापुन्हा बजावू लागला, तेव्हा एवढे येत असेल तर तूच गा, असे ब्लनस्टोन वैतागून म्हणाल्याचे दोघांनीही पुढे हसत सांगितले आहे. बँडचे सर्वांत गाजलेले गायन हे अशा कुरबुरीतून निघाले.

काम संपत आले असताना कंपनीने अल्बम स्टीरिओत हवा, असा आग्रह धरला. तोवर मिश्रण मोनोसाठी, म्हणजे सर्व ध्वनी एकाच वाहिनीत एकत्र करून, झाले होते आणि पैसेही संपले होते. आर्जंट आणि व्हाइट यांनी पदरचे २०० पौंड घालून स्टीरिओचे काम पुरे केले. 'धिस विल बी अवर इयर' या गाण्यात तर ब्रास वाद्ये थेट मोनो मिश्रण करतानाच मिसळली गेली होती. ती वेगळी काढण्याची सोयच नव्हती. मुखपृष्ठ रंगवणाऱ्या टेरी क्वर्क या चित्रकार मित्राने 'ओडिसी' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये 'वाय'च्या जागी 'ई' घातला. चूक लक्षात आली तेव्हा वेळ निघून गेली होती. हे मुद्दामच केले आहे, अशी सारवासारव आर्जंट पुष्कळ वर्षे करत राहिला.

'केअर ऑफ सेल ४४' हे सिंगल नोव्हेंबर १९६७ मध्ये आले आणि पडले. पुढच्याच महिन्यात बँड थांबला. एप्रिल १९६८ मध्ये अल्बम दुकानांत आला, तेव्हा त्याच्यासाठी दौरा करायला, मुलाखती द्यायला कोणी नव्हते. ही गाणी रंगमंचावर सलग कधी सादरच झाली नाहीत.

तो अमेरिकेत निघाला, तोही एका माणसाच्या हट्टामुळे. संगीतकार आणि निर्माता अल कूपर याने लंडनहून परतताना तो बरोबर आणला आणि कोलंबिया कंपनीकडे त्याच्या प्रकाशनासाठी गळ घातली. कंपनीने तिथे आधी पुढे केले ते 'बुचर्स टेल' हे युद्धविरोधी गाणे. व्हिएतनामच्या काळात ते चालेल, असा अंदाज असावा. तो चुकला. 'टाइम ऑफ द सीझन' मात्र हळूहळू चढत गेले. तोवर आर्जंट आणि व्हाइट नव्या बँडच्या जुळवाजुळवीत गुंतले होते आणि त्यांनी मागे फिरायचे नाकारले. मग अमेरिकेत चक्क तोतये 'झॉम्बीज' फिरू लागले. टेक्ससमधील अशा एका चमूत डस्टी हिल आणि फ्रँक बिअर्ड हे पुढे 'झीझी टॉप'मुळे ख्यातनाम झालेले दोन वादकही होते. अस्सल बँड घरी आणि नक्कल दौऱ्यावर, हे दृश्य पॉपच्या इतिहासातही विरळाच.

मग हा अल्बम टिकला कसा? वाद्यमेळातल्या लोकांनी तो एकमेकांना ऐकवला, हे एक कारण. 'द जॅम'चा पॉल वेलर याने तो आपल्या आवडत्या अल्बमांपैकी एक असल्याचे वारंवार सांगितले. सीडीचे युग आल्यावर पुनर्मुद्रणे निघाली. १९९७ मध्ये 'झॉम्बी हेवन' हा चार सीडींचा संच प्रसिद्ध झाला. २००३ मध्ये 'रोलिंग स्टोन' मासिकाच्या ५०० श्रेष्ठ अल्बमांच्या यादीत त्याला ८० वे स्थान मिळाले. २०२० च्या यादीत तो २४३ व्या स्थानावर गेला, यावरून अशा याद्यांना किती महत्त्व द्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे.

दुसरे कारण गाण्यांतच आहे आणि उशिरा ऐकणाऱ्याला ते अधिक जाणवते. १९६७ चा पॉप रंगांचा, आवाजाचा, घोषणांचा होता. या अल्बममधील माणसे मात्र कुणाची तरी वाट पाहत असतात. 'केअर ऑफ सेल ४४' कानाला उन्हाळी सकाळीसारखे प्रसन्न वाटते. शब्दांकडे लक्ष गेले की कळते, हे तुरुंगातून सुटून येणाऱ्या प्रिय व्यक्तीला लिहिलेले पत्र आहे. 'अ रोज फॉर एमिली'चे शीर्षक विल्यम फॉकनरच्या कथेवरून घेतलेले. त्यात एकाकी स्त्रीचे आयुष्य पियानो आणि काही आवाजांवर अडीच मिनिटांत संपते. 'बीचवुड पार्क'मध्ये व्हाइटच्या बालपणीच्या परिसरातील उन्हाळा आहे. 'बुचर्स टेल'मध्ये पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवरचा भेदरलेला खाटिक बोलतो. त्याला साथ आहे पायाने भाता हलवून वाजवायच्या जुन्या ऑर्गनची. गंधर्वकालीन संगीत नाटकांत ज्या जातीच्या ऑर्गनने पदे सजवली, त्याच जातीचे हे वाद्य इथे श्वास कोंडल्यासारखे घरघरते. मराठी कानाला हा फरक विलक्षण वाटावा.

आणि 'फ्रेंड्स ऑफ माइन'. मित्रमंडळींतील प्रेमी जोडप्यांची खरी नावे या गाण्यात घेतलेली आहेत. त्यांतील बहुतेक जोड्या पुढे विभक्त झाल्या, असे बँडनेच नंतर सांगितले. टिकली ती आर्जंटचा नात्यातला भाऊ जिम रॉडफर्ड आणि त्याची पत्नी यांची जोडी. विशीत ऐकले तर हे केवळ गोड गाणे. पन्नाशीत त्या नावांच्या यादीकडे वेगळ्या नजरेने पाहिले जाते.

या कहाणीतील सर्वांत उशिरा पोहोचलेले श्रोते म्हणजे बहुधा खुद्द निर्मातेच. आर्जंटने स्वतःच्या नावाचा बँड काढून १९७२ मध्ये 'होल्ड युवर हेड अप' गाजवले, ब्लनस्टोन स्वतंत्रपणे गात राहिला. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर दोघे पुन्हा एकत्र वाजवू लागले, तेव्हा प्रेक्षक हाच पडलेला अल्बम मागत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. अॅटकिन्सन २००४ मध्ये निवर्तला. मार्च २००८ मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायरमध्ये उरलेल्या चौघांनी, चाळीस वर्षांनी, हा अल्बम प्रथमच पूर्ण सादर केला. २०१५ मध्ये त्यांचा नवा अल्बम 'बिलबोर्ड'च्या पहिल्या दोनशेत आला. २९ मार्च २०१९ रोजी न्यूयॉर्कमध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. जुलै २०२४ मध्ये आर्जंटला पक्षाघाताचा झटका आला आणि त्याने दौऱ्यांतून निवृत्ती जाहीर केली.

ऐकायचे असेल, तर बारा गाणी आणि सुमारे ३५ मिनिटे एवढाच ऐवज आहे. इंटरनेटवर सगळी गाणी सुटी मिळतात आणि साहजिकच हात प्रथम 'टाइम ऑफ द सीझन'कडे जातो. तो मोह आवरावा. अल्बममध्ये ते गाणे शेवटचे, बारावे आहे. त्याआधीची अकरा गाणी क्रमाने ऐकून तिथे पोहोचावे.